अठरावं टेकाड

यूनिस कोपनेसने सव्वीस वर्षांत एकाही कागदावरची सही मागे घेतली नव्हती. गुरुवारी सकाळी साडेदहाला फिलोमिन आत्या कचेरीत आली तेव्हा तसं काही घडेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. उलट ती खुशीत होती. नव्या वाटेचा नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि तो आत्याला कधी दाखवते असं तिला झालं होतं.

उद्यानात टेकाडं सतरा. कॅनडाच्या दक्षिण सीमेवरच्या नदीच्या वळणावर, ओकच्या झाडांमध्ये. एक-दोन घराएवढी उंच, बाकीची बसकी. गवत वाढलं की नवख्याच्या नजरेला येत नाहीत अशी. त्यांच्या पोटात अनिशिनाबे या तिथल्या मूळ रहिवाशांचे पूर्वज झोपलेले आहेत, काही दोन हजार वर्षांपूर्वीचे. यूनिस त्यांच्याच वंशातली आणि या उद्यानाची प्रमुख. टेकाडावर कुणी पाय ठेवणार नाही, कुणी काडी खुपसणार नाही, हे बघणं हे तिचं काम. ते ती इतकं चोख करायची की बसमधून येणारे पाहुणे तिला बघून आपोआप रांगेत उभे राहत.

नवी वाट ही तिची नऊ वर्षांची मागणी होती. दर वर्षी पानगळीच्या सुमाराला पूर्वजांना जेवण ठेवायचा दिवस येई, तेव्हा चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना चौघांनी खुर्चीसकट उचलून किंवा कुणीतरी पाठीवर घेऊन टेकाडांपाशी न्यावं लागे. आता गाड्या लावायच्या जागेपासून नदीपर्यंत सपाट, पक्की वाट होणार होती. सोमवारी यंत्रं यायची होती. रस्तेखात्याची अट एकच होती: वाटेच्या रेषेत एकही टेकाड नाही, असं प्रमुखाने लेखी द्यावं. यूनिसने सगळी रेषा दोनदा चालून पाहिली होती आणि मग सही केली होती.

"बघ आत्या, ही तुझी वाट," ती म्हणाली. "वॉकर घेऊन थेट नदीपर्यंत जायचं. डेल्मरच्या पाठीवर बसायला नको."

"बरं झालं. त्याच्या पाठीला घामाचा वास येतो." आत्याने चष्मा पुसला आणि ती नकाशावर वाकली. तिचं बोट रेघेवरून सरकत सरकत पश्चिमेच्या कोपऱ्यात येऊन थांबलं. "इथं कुठून जाते ही?"

"तो दगडांचा ढीग आहे ना, त्यावरून. ढीग उचलणार आहेत."

"रेघ सरकव."

"काय?"

"सरकव म्हणते ना. अलीकडून ने, पलीकडून ने. तिथून नको."

"अगं, नऊ वर्षांनी मंजूर झालंय. त्यांना कारण काय सांगू?"

"तू प्रमुख आहेस. कारण शोध."

आत्या त्र्याहत्तर वर्षांची. यूनिसच्या वडिलांची, मोझेसची, धाकटी बहीण. हट्टी होती, पण बिनकामाचा हट्ट तिने कधी केला नव्हता. यूनिसने खण उघडला, तंबाखूची पुरचुंडी काढली आणि डाव्या तळहातावर ठेवून पुढे धरली.

"आत्या, रीतीनं विचारते. त्या दगडांखाली काय आहे?"

थोरांना काही महत्त्वाचं विचारायचं तर तंबाखू द्यायची. त्यांनी ती घेतली की उत्तर द्यायलाच हवं. माहीत नसेल तर घेऊन "माहीत नाही" म्हणायचं. आत्याने आजवर कुणाची तंबाखू नाकारली नव्हती. परीक्षेत पास होईन का विचारायला आलेल्या मुलीचीही नाही, हरवलेली होडी शोधत आलेल्या पोलिसाचीही नाही. आता मात्र तिने पुरचुंडीकडे पाहिलं आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"नको मला," ती म्हणाली. वॉकर वळवून ती दाराबाहेर पडली.

यूनिसने पुरचुंडी खिशात टाकली. आत्याने खोटं सांगितलं नव्हतं आणि खरंही सांगितलं नव्हतं. पण न घेतलेल्या तंबाखूने एक गोष्ट सांगून टाकली होती. दगडांखाली काहीतरी आहे, आणि ते आत्याला ठाऊक आहे.

डेल्मर ढिगापासून वीस पावलांवर गवत कापत होता. बावन्न वर्षांचा, नात्याने दूरचा भाऊ. गवत कापणं आणि टेकाडांच्या आसपास जनावरांनी केलेली बिळं बुजवणं हे त्याचं काम. यूनिस ढिगापाशी खाली बसलेली पाहून त्याने यंत्र बंद केलं.

"ताई, तिथं नको बसू हं. साप असतात."

"तू पाहिलेस?"

"मी कशाला बघायला जातोय! आजोबा सांगायचे."

"बावीस वर्षं इथं गवत कापतोयस. एक तरी साप?"

डेल्मरने डोकं खाजवलं. "एकदा होता. जवळ गेलो तर रबरी नळी निघाली."

"मलाही बाबांनी हेच सांगितलेलं. साप. तुझ्या बायकोकडचे काय सांगायचे?"

"साप," डेल्मर म्हणाला आणि वळून ढिगाकडे बघायला लागला. "आयला."

ढीग कमरेएवढा, बारा पावलं रुंद. नकाशावर लिहिलं होतं: शेत साफ करताना टाकलेले दगड. यूनिसने एक दगड हातात घेतला. गुळगुळीत. दुसराही तसाच. ती उठली, हमरस्ता ओलांडून पलीकडच्या जुन्या शेताच्या बांधावर गेली. तिथेही दगडांचा ढीग होता, खरा शेतकऱ्याने टाकलेला. धारदार कडा, माती चिकटलेली, आणि मधे घोड्याने ओढून आणल्याशिवाय हलणार नाहीत असे दोन धोंडे. उद्यानातल्या ढिगात एका माणसाला उचलता येणार नाही असा एकही दगड नव्हता. सगळे नदीच्या पाण्याने घासलेले. आणि नदीकडून वर आणलेले, म्हणजे चढावर. शेत साफ करणारा माणूस नदीतून दगड वर आणत नाही.

शिवाय उद्यानाच्या त्या भागात नांगर कधी फिरलाच नव्हता. हे तिला माहीत होतं, सव्वीस वर्षं माहीत होतं. तरी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात असं तिला सुचलं नव्हतं. परत येताना ती स्वतःवर चिडली होती. पण ती चीड तिने फाटकापाशीच टाकली, कारण दिवस तीनच उरले होते.

दुपारी आत्या अंगणात भूर्जाच्या सालीच्या सुपात जंगली तांदूळ पाखडत बसली होती. तूस वाऱ्यावर उडत होतं.

"विचारायला आलेली नाही," यूनिस समोरच्या ओंडक्यावर बसत म्हणाली. "सांगायला आलेय. ते दगड नदीतले आहेत. माणसांनी हातांनी वाहिलेत. आणि सगळ्या घरांनी आपापल्या पोरांना एकच खोटं सांगितलंय. टेकाडं सतरा नाहीत, अठरा आहेत. सतराची सही मी केलीय."

सूप खालीवर होत राहिलं.

"आता एकच विचारायचंय." यूनिसने पुरचुंडी काढली. "ते दगड कुणी उचलायचे?"

आत्याने सूप खाली ठेवलं, हात पदरासारख्या बांधलेल्या फडक्याला पुसले आणि तंबाखू घेतली.

"मोझेसची पोर शोभतेस," ती म्हणाली. "उशीर केलास, पण आलीस."

मग तिने सांगितलं. एकसष्ट वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दूरच्या शहरातल्या एका संग्रहालयाची माणसं आली होती. विचारलं कुणालाच नाही. तीन टेकाडं वरून खालपर्यंत उघडली, हाडं पेट्यांत भरली आणि पेट्या रेल्वेने गेल्या. बाकीच्यांची ते मोजदाद करत होते. पश्चिमेचा कोपरा तेवढा राहिला होता. जुलैच्या पहिल्या तारखेची राष्ट्रीय सुट्टी आली आणि ती माणसं चार दिवस शहरात गेली.

"मोझेस म्हणाला, ज्याला हात आहेत त्यानं नदीवर यावं. त्रेचाळीस माणसं आली. मी बारा वर्षांची होते. चार दिवस, गं. माझी नखं गेली. ते परत आले, बघतात तर दगड. हे काय म्हणून विचारलं. मोझेस म्हणाला, शेतातले. त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यांना वाटायचं, या माणसाला खोटं बोलण्याइतकी अक्कल नाही."

"आणि त्यांचीच यादी पुढे सरकारची यादी झाली."

"झाली. त्यांच्या यादीतून जे सुटलं ते वाचलं."

"आणि आता यादीत नाही म्हणून जातंय," यूनिस म्हणाली.

आत्याने तांदळातला एक खडा वेचून टाकला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"शब्द दिला होता. त्या टेकाडातल्याला. तुझ्या अंगावर हे ओझं आम्ही ठेवतोय, आम्हीच उतरवू, दुसरा कुणी हात लावणार नाही, आणि तोवर ज्याला ठाऊक नाही त्याच्यापाशी तोंडातून शब्द निघणार नाही. वाटलं होतं दोन-तीन उन्हाळे. ते लोक अकरा वर्षं येत राहिले. मग एकेक जण गेला. तुझा बाप गेला. चार वर्षांपूर्वी माझ्याबरोबर दगड वाहणारा लॉरेन्स गेला, तेव्हा मोजले तर मी एकटीच. एकटी बाई, हातात वॉकर. ढीग उतरवता येईना आणि शब्द मोडता येईना. म्हटलं, आहे तसं राहू दे. दगडांना कोण हलवतंय? आणि मग माझ्या भाचीनं माझ्यासाठीच वाट मागितली."

ती हसली, पण हसू लगेच विरलं.

"आत्या, शब्द देताना तुम्ही कसे उभे होता?"

"कसे म्हणजे? गोल. घराघरानं."

"प्रत्येकानं आपलं नाव घेतलं, की घराचं?"

आत्याने वर पाहिलं. ती खरोखरच एकसष्ट वर्षं मागे जाऊन त्या गोलात कोण काय बोललं ते ऐकत होती.

"घराचं," ती म्हणाली. "घराचं आणि कुळाचं."

"मग घरं आहेत की अजून."

शुक्रवारी दिवसभर यूनिस फोनवर होती. शनिवारी सकाळी रस्तेखात्याचा अभियंता ब्रेंडन हॉलस्ट्रॉम आला. पस्तिशीचा, नीटस, घाई नसलेला माणूस. उद्यानात शिरताना तो टोपी काढायचा, एवढ्यासाठी यूनिसला तो बरा वाटायचा. तिने त्याच्यासमोर आपलंच पत्र ठेवलं.

"ही सही माझी आहे आणि ती चुकीची आहे. मी ती मागे घेते."

"मॅडम, परवा यंत्रं येतायत."

"म्हणून आज बोलावलंय."

तिने सगळं सांगितलं. जेवढं सांगायची आत्याची परवानगी होती तेवढं. ब्रेंडनने मधे तोंड घातलं नाही.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवतो," शेवटी तो म्हणाला. "पण माझा साहेब ठेवणार नाही. तो म्हणेल, सव्वीस वर्षं सतरा होती, आणि कामाच्या आदल्या शनिवारी अठरा कशी झाली? मला हातात काहीतरी लागेल. एक छोटा खड्डा, फूटभर..."

"नाही."

"मॅडम, अगदी कडेला..."

"ब्रेंडन, तुमच्या आजीच्या थडग्याला अगदी कडेला फूटभर खड्डा घेऊ का मी? ती आत आहे का बघायला?"

तो ओशाळला. "तसं नाही म्हणायचं मला."

"माहीत आहे. तुमच्याकडे ते बाबागाडीसारखं यंत्र आहे ना? जमिनीवरून ढकललं की खालचे थर दाखवणारं. वाटेच्या रेषेवर फिरवलंत ते."

"आहे. पण ढिगावर चालत नाही ते. सपाट लागतं. म्हणून तर तेवढी जागा सोडून दिली होती आम्ही."

"उद्या दुपारी दोनला दगड नसतील."

ब्रेंडनने खिडकीतून ढिगाकडे पाहिलं. "एवढे? लोडर पाठवतो. तासाभराचं काम."

"लोडर नको. आणि तुम्हीही हात लावायचा नाही. खुर्ची देईन, बसून बघा."

रविवारी आठ वाजता लोक यायला लागले. ओकच्या पानांवर ऊन आलं होतं, नदीपलीकडे अमेरिकेच्या काठावर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. आत्याने पवित्र मानल्या जाणाऱ्या सीडर झाडाची पानं विस्तवावर टाकली. प्रत्येकाने धूर अंगावरून घेतला, टेकाडापाशी चिमूटभर तंबाखू ठेवली. एकतीस माणसं जमली. तेव्हा शब्द दिलेल्या सोळा घरांतली चौदा घरं आली होती. उरलेल्या दोन घरांत कुणी राहिलं नव्हतं.

आत्या पुढे झाली. वॉकर सोडला, यूनिसचा हातही झिडकारला आणि वाकली. गुडघे कुरकुरलेले सगळ्यांना ऐकू आले. तिने कडेचा एक दगड उचलला, भोपळ्याएवढा. तो छातीशी धरून ती त्या जमिनीशी आपल्या भाषेत काही बोलली. हळू आवाजात, दुसऱ्या कुणासाठी नव्हतंच ते. मग वळून म्हणाली, "ज्यांची घरं संपली त्यांचे मी उचलते. बाकीचे या आता. उभे काय राहिलात? जेवायला बोलावलंय का?"

मग ती खुर्चीत बसली आणि कोण कुठून उचलणार ते सांगू लागली. कुठल्या घराचे दगड कुठल्या बाजूला, तिच्या सगळं लक्षात होतं.

"उत्तरेचे ओगेमांचे. तू नाही रे, तू आईकडून त्यांचा, बापाकडून इकडचा, दोन्हीकडे लाग. डेल्मर, ते बारके बारके दिसतायत ना, ते तुझे."

"माझे का बारके?"

"तुझा आजोबा आळशी होता. मूठभर दगड आणायचा आणि कण्हायचा पोत्याएवढं."

एकतीस माणसं हसली. डेल्मर सगळ्यांत जास्त हसला, आणि मग दुप्पट वेगाने कामाला लागला, घराण्याची अब्रू राखायला. ब्रेंडन खुर्चीत बसून होता. दोनदा तो उठला आणि दोनदा परत बसला. लोक काम करताना बसून राहायची त्याला सवय नव्हती. शेवटी आत्याने त्याच्या हातात चहाची किटली दिली. "हे चालेल तुला. वाढ सगळ्यांना."

दगड काठावर ओळीने रचले गेले. बाराच्या सुमारास तळाचा थर आला. तिथले दगड लहान होते, पोरांनी आधी आणलेले. दीड वाजता शेवटचा निघाला.

खाली गवत नव्हतं. एकसष्ट वर्षं ऊन न लागलेली फिकट माती, आणि तिला आकार होता. चारी बाजूंनी सारखा उतरत गेलेला, बारा पावलांचा गोल. कुणीतरी तळहाताने थापून केल्यासारखा. यूनिसला वाटलं होतं आपल्याला हायसं वाटेल. वाटलं मात्र वेगळंच: इतकी वर्षं रोज समोरून गेलेल्या माणसाचं नाव आज कळावं तसं.

"पाय नको लावायला," ब्रेंडन स्वतःहून म्हणाला. "मी जोडे काढून, लांब दांडी लावून कडेकडेनं फिरवतो. मधला भाग बाहेरून घेता येतो का बघतो."

आत्याने मान हलवली. त्याने यंत्र फिरवलं. अर्धा तास लागला. मग तो पडद्यावर बराच वेळ वाकून राहिला.

"थर आहेत," तो म्हणाला. "आणून टाकलेल्या मातीचे, एकावर एक. निसर्गात असं नसतं. आणि मधोमध खाली..." तो थांबला. "मॅडम, बघताय?"

"नाही."

"काही दिसत नाही तसं, नुसत्या रेषा..."

"रेषा तुमच्या साहेबाला दाखवा, त्याचं समाधान होईपर्यंत. मग पुसून टाका. आम्हाला आतलं काही नको."

ब्रेंडनने पडदा स्वतःकडे वळवला. तिथूनच त्याने फोन लावला. त्याचं बोलणं चालू असताना एकतीस माणसं भाकरीसारखी जाड बॅनक आणि धुरावलेला मासा खात होती, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती. फोन ठेवून तो आला.

"रेषा चाळीस मीटर पूर्वेला सरकेल. वाट थोडी लांबेल. पण यादीत नोंद हवी. आजच. नोंद नसेल तर उद्या मी कुणाला थांबवू शकत नाही."

आता सगळ्यांनी खाणं थांबवलं. यादी म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला घरून कळलेलं होतं. यूनिसने आत्याकडे पाहिलं. टेकाड वाचलं होतं ते यादीबाहेर राहून; ते कागदावर आणायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क दगड वाहिलेल्यांतल्या शेवटच्या बाईचा होता.

आत्याने मासा संपवला, बोटं पुसली.

"तेव्हा यादी त्यांच्या हातात होती," ती म्हणाली. "आता कुणाच्या हातात आहे?"

"माझ्या."

"मग लिही की. मला काय विचारतेस?"

यूनिसने गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं. क्रमांक, जागा, रुंदी. 'आत काय आढळले' या रकान्यात तिने एक सरळ आडवी रेघ मारली. ब्रेंडनने कागद वाचला, त्या रेघेपाशी क्षणभर थांबला आणि काही न विचारता घडी घालून खिशात ठेवला. गाडीत बसता बसता मात्र त्याने काच खाली केली.

"मॅडम, एक विचारू? अजून असं कुठे आहे का, यादीत नसलेलं?"

"असेल तर तिथून रस्ता नेऊ नका," यूनिस म्हणाली. "म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

सोमवारी सातला पहिलं यंत्र फाटकातून आत आलं. चालकाच्या हातात जुना नकाशा होता. यूनिसने तो काढून घेतला, नवा दिला, आणि पुढे चालत जाऊन डेल्मरने ठोकलेल्या खुंट्या एकेक करून दाखवल्या. चालकाने पश्चिमेकडे पाहिलं. तिथे फिकट मातीचा गोल होता, आणि त्याच्याभोवती ताजी दोरी.

"ते काय आहे?"

"अठरावं," ती म्हणाली. "तुमचं काम या खुंटीपासून. चला, सुरू करा. म्हाताऱ्या माणसांना वेळ कमी असतो."